डोणीतले खारे पाणी

ती एकोणीस मेंढरे अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून माणसे बाहेर काढली. ते सगळे आता पुसट झाले. पण बागाइतातल्या त्या काळ्या रानात पाय ताणून पडलेली मेंढरे आठवली की आजही हातातला घास खाली ठेवतो. आणि पाठोपाठ हायसेही वाटते. असे का, तेच सांगायला बसलो आहे. नावे कुणाचीच देणार नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील, बाकीच्यांना त्यांच्याशी काय करायचे आहे?

सन तीस उलटून दोन-तीन वर्षे झाली असतील. सोलापूर जिल्ह्यात करकंबच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. ठाणे म्हणजे तीन कौलारू खोल्या. एकीत मी, एकीत कोठडी, आणि तिसरीत मुद्देमाल, हवालदार आणि त्याचा पानाचा डबा. सकाळची हजेरी चालली होती, इतक्यात एक म्हातारा धनगर खांद्यावर मेलेली मेंढी घेऊन आला आणि ती त्याने पायरीवर ठेवली.

"सायेब, इख घातलं वो कुणीतरी. एकुणीस गेली. पानी प्याली आन् घटकाभरात थरथरून पडली. आता मी घरला कंच्या तोंडानं जाऊ?"

म्हातारा सांगोल्याकडचा. सुगी आटोपली की तिकडचे धनगर मेंढरे घेऊन पाण्याच्या मुलखात उतरायचे. बागाईतदार त्यांना बोलावून रानात मेंढरे बसवायचे. वाघूर, म्हणजे दोरीचे जाळे, चारी बाजूंनी लावायचे आणि चार-सहा रात्री कळप एकाच तुकड्यात ठेवायचा. लेंडी आणि मूत जमिनीत मुरते, मग त्यावर ऊस नुसता फोफावतो. मोबदल्यात धनगराला ज्वारी. बापजाद्यांपासून हे असेच चालत आलेले.

ज्या बागाईतदाराकडे म्हाताऱ्याची मेंढरे बसली होती, त्याच्या रानात मी पंचांना घेऊन गेलो. विहिरीच्या कडेला मोटेच्या पाण्यावर भरणारी एक लांब दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची. मेंढरे तिच्या आसपासच पडली होती. डालग्याखाली झाकलेली कोकरे मात्र टुणटुणीत होती, कारण ती डोणीवर गेलीच नव्हती. पाण्यातच काही तरी होते हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते. पण मी पोचेपर्यंत बागाईतदाराच्या गड्यांनी डोण रिकामी करून राखेने लख्ख घासून ठेवली होती. "इखाचं पानी ठिवायचं कशाला, सायेब?" हे त्यांचे उत्तर. मी कपाळावर हात मारला. पंचनाम्यात "डोण स्वच्छ व कोरडी" एवढे लिहिले आणि हजर असलेल्या सर्व पुरुषांचे जबाब घेतले. सर्व पुरुषांचे, हे लक्षात ठेवा.

तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर बुळकांडीच्या साथीमुळे दुसरीकडे फिरतीवर होता. त्याच्या मदतनिसाने मेंढी फाडून टिपण केले आणि ते डॉक्टरच्या सहीसाठी ठेवून दिले. आतडी बाटलीत घालून, लाख लावून मुंबईला रासायनिक परीक्षकाकडे रवाना केली. तिकडून उत्तर यायचे म्हणजे महिना-सव्वा महिना सहज जाणार.

त्याच दिवशी दुपारी बातमी आली. बाजारात चहाचे दुकान चालवणारा एक इसम मला अधूनमधून खबर द्यायचा. तो मागच्या दाराने आला. म्हणाला, "सायेब, लांब कशाला जाताय? त्या खतवाल्याला उचला की. बाजाराच्या दिवशी त्यानं सगळ्यांदेखत धनगराला दम दिलाय. म्हणला, माझं खत टाकलेल्या रानात मेंढरं घातलीस तर मरतील. आन् आदल्याच दिवशी त्या मळ्यात डोणीपाशी हुबा हुता. मी डोळ्यानं बघितला."

खतवाल्याला सगळेच ओळखत होते. तिशीतला, शेतकी शाळेत शिकलेला, चष्मेवाला माणूस. सोलापुरात स्टेशनच्या मागे पत्र्याची शेड टाकून तो मिश्रखत बनवायचा आणि बैलगाड्यांतून गावोगाव पोचवायचा. त्याचे खत खपायला लागले तर मेंढरे बसवायला धनगराला बोलावणार कोण, आणि धनगर येत राहिले तर याचे खत घेणार कोण? हेतू सापडला, धमकी सापडली, जागेवर पाहणारा साक्षीदार सापडला. मला वाटले, प्रकरण ताटात वाढून आले. आता सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी खूश होतो.

त्याला सोलापुरातून आणले. शेडच्या झडतीत सोऱ्याची चार पोती निघाली आणि हवालदाराचे डोळेच विस्फारले. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला जिन्नस. त्या बाँब-पिस्तुलांच्या दिवसांत सोऱ्याचे नाव काढले की वरच्या साहेबांना दरदरून घाम फुटायचा. वरून निरोप आला, माणसाला सोडू नका. मॅजिस्ट्रेटकडून कोठडी मिळाली. मेंढरांबद्दलच दोन वर्षांची सजा झाली असती, आणि सुटून आल्यावर त्याच्या हातचे चिमूटभर खत कुणी घेतले नसते. गावोगाव त्याला 'इखवाला' म्हणायला सुरुवातही झाली होती.

चौकशीत तो रडला नाही, ओरडलाही नाही. शाळामास्तरसारखा समजावून सांगत राहिला.

"साहेब, पिकाला नत्र लागतं. लेंडीत तेच, मुतात तेच, शेंगदाण्याच्या पेंडीत तेच आणि सोऱ्यातही तेच. पेंड जमिनीत सावकाश कुजते, महिनाभरानं लागू पडते. सोरा पाण्याबरोबर लगेच मुळाशी जातो. म्हणून दोन्ही मिसळायचं, वर हाडांचा चुरा घालायचा."

"आणि ते पांढरं साखरेसारखं काय आहे?"

"सल्फेट. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजला की जो वायू निघतो, त्यातला अमोनिया गंधकाच्या तेजाबात धरतात आणि त्याचे खडे करतात. बाहेरच्या देशांत तर आता हवेतूनच नत्र ओढून खत करायला लागलेत."

हवालदाराने पानाची पिंक टाकली. "हवेतनं खत! सायेब, ह्यो आपल्याला शेंड्या लावतुया. उद्या म्हनंल, हवेतनं भाकरी काढतो."

"एका परीनं तेच आहे, हवालदारसाहेब," तो म्हणाला. तो हसत नव्हता.

मी विचारले, "मग धनगराला धमकी का दिलीस?"

"धमकी नव्हती हो ती! ताज्या खताच्या रानात मेंढरं खडे चाटतात, म्हणून बजावलं. मी मेंढरांच्या वाईटावर कशाला असेन? नुसतं सल्फेट टाकत राहिलं तर जमीन बिघडते. मी स्वतः लोकांना सांगतो, आधी मेंढरं बसवा, ती हलली की माझं खत घाला. त्या मळ्यातही आदल्या दिवशी मेंढरं हललेल्या तुकड्यातच खत उधळून घेतलं आणि डोणीवर हात धुतले, एवढंच."

मी विश्वास ठेवला नाही. पोलिसाला गोड बोलणाऱ्याचा आधीच संशय, त्यात हा शिकलेला. त्याची बायको दर दोन दिवसांनी सोलापुराहून डबा घेऊन यायची. मोटारीच्या फाट्यावर उतरून दोन कोस चालत. ठेंगणी, करारी बाई. एकदा डबा तपासून होईपर्यंत ती दारात उभी होती. एकदम म्हणाली, "फौजदारसाहेब, एक विचारू? विष घालायचं असतं तर माणसानं आधी भर बाजारात सांगितलं असतं का?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही घरी जा." ज्या प्रश्नाला उत्तर नसते तोच प्रश्न तपासात धरून ठेवायचा असतो, एवढी अक्कल मला तोवर यायला हवी होती. पण गावात वाहवा चालली होती, वरचे साहेब खूश होते, आणि मी उत्तर शोधले नाही.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरच्या सहीचे टिपण आले. आरोपीसमोर कागद मोठ्याने वाचायचा आणि त्याच्या हातांकडे पाहायचे, ही माझी जुनी सवय. चेहरा माणूस सांभाळतो, हात सांभाळता येत नाहीत. मी वाचू लागलो. "पोट फुगलेले. तोंडाला फेस. रक्ताचा रंग नेहमीचा लाल नसून काकवीसारखा तांबूस-काळा…"

त्याचे हात गळून मांडीवर पडले.

"रक्त काकवीसारखं? साहेब, सोरा पोटात गेला की रक्त असं काळवंडतं, मग सोऱ्यानं गेलीत ती. माझ्याच खतानं मेलीत."

हवालदाराने टाक दौतीत बुडवला. "घ्या! आला रस्त्यावर. लिहू का, सायेब?"

खरे सांगतो, 'लिही' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण त्या माणसाकडे पाहिले. पकडला गेलेला माणूस आधी दाराकडे पाहतो किंवा तुमच्याकडे पाहतो. हा जमिनीकडे पाहत बोटे मोजत होता. पुटपुटत होता, "पोत्यातलं खत पाण्यात गेलं कसं? सहा पोती दिली, सहाही माझ्यासमोर रानात उधळली. मग उरलं कुठं?" आणि एकदम त्याने कपाळ बडवून घेतले. "पोती! ओल धरली की आतल्या अंगाला बोटभर थर बसतो. रानाचं सांगितलं, पोत्याचं सांगायचं सुचलंच नाही मला. साहेब, रिकामी पोती कुठं गेली ते बघा!"

मी हवालदाराला म्हणालो, "टाक ठेव. टांगा सांग."

मळ्यात पोचलो तेव्हा बागाईतदार मोटेवर होता. म्हातारा धनगरही तिथेच होता. निकाल लागल्याशिवाय हलणार नाही म्हणून उरलेली मेंढरे घेऊन तो बांधावर बसून राहिला होता. मी दोघांशी बोललो नाही, सरळ घराकडे गेलो. कुंपणावर वाळत घातलेली सहा पोती अजून तशीच पसरलेली होती. दुधासारखी स्वच्छ. ओसरीवर बागाईतदाराची आई ज्वारी पाखडत बसली होती. पहिल्या दिवशी मी तिच्या अंगावरूनच गेलो होतो. बाईमाणसाला पंचनाम्यात काय विचारायचे!

"आजी, पोती झ्याक धुतलीत. कुणी धुतली?"

म्हातारी खुलली. "कोन धुनार? सुनंला वेळ न्हाय. मीच धुतली की. दाण्याला हुतील म्हनलं. चांगल्या तागाची हायती, टाकायची व्हय?"

"कुठं धुतली?"

"डोणीत. आतनं लई थर बसला हुता बगा. जिभेला लावून बगितला तर खारट लागला. वर पेंडीचा वास. म्हनलं, मिठाचं मोल किती झालंय! धनगराला तरी कुटनं परवडतंय? पानी सांडायचं न्हाय, मेंढरास्नी तेवढंच मीठ हुईल. सहाबी पोती दिवसभर भिजत घातली आन् हलवून हलवून सगळं उतरवलं त्यात. मेंढरं तर उड्या टाकत आली पेंडीच्या वासानं…"

बोलता बोलता ती थांबली. सूप हातातच राहिले. माझ्या मागे बागाईतदार येऊन उभा होता, त्याच्या मागे धनगर. म्हातारी एकेकाचे तोंड पाहत राहिली आणि मग तिला उमगले.

"म्या मारली व्हय रं मेंढरं? माज्या हातनं?"

ती हंबरडा फोडायच्या बेतात होती, तोच तो धनगर पुढे होऊन तिच्यापुढे उकिडवा बसला. ज्याची एकोणीस गेली तो माणूस! मला वाटले, आता तळतळाट करणार. त्याने सुपातले दाणे सारखे केले आणि म्हणाला, "माय, तू मीठ घातलंस. चार गावं हिंडलो, माज्या मेंढरास्नी मीठ कुनी घातलं न्हाय. तुला काय ठावं त्यात काय हुतं ते? रडू नगंस. एक भाकरी दे मला, सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

सून आतून भाकरी घेऊन आली, पण त्याने ती घेतली नाही. म्हातारीच्या हातूनच पाहिजे म्हणाला. तिने सुनेकडून घेऊन दिली आणि तो तिथेच बसून खाऊ लागला. हवालदार तोंड फिरवून उगाच घोड्याचा लगाम तपासत होता. बागाईतदाराने तिथल्या तिथे सांगितले की म्हाताऱ्याला कळप पुरता करून देईन, आणि पुढे तो शब्द त्याने पाळला.

ठाण्यावर येऊन मी कोठडीचे दार उघडले. "तू निर्दोष आहेस," म्हणालो, "माझं चुकलं." फौजदाराच्या तोंडून हे शब्द निघायला जड जाते, पण निघाले की छाती मोकळी होते.

वाटले होते, हा मला शिव्या घालील, निदान बायकोची चौकशी करील. तो म्हणाला, "साहेब, असली पोती अजून तीन गावांत आहेत. ती कुणी धुवायला काढली तर?"

मी टांगा सोडू दिला नाही. सुटकेचा हुकूम कचेरीतून यायला दुसरा दिवस उजाडणार होता. हुकमाशिवाय आरोपीला सोडता येत नाही. पण तपासासाठी बरोबर न्यायला कुणाची ना नव्हती. नियमाप्रमाणे हवालदाराने त्याच्या कमरेला दोरी बांधली, एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळले आणि आम्ही तिघे टांग्यात बसलो. पहिल्या गावी पोती माळ्यावर पडून होती. दुसऱ्या गावी एकाने त्यांची खोळ शिवली होती, पण न धुता. दोन्हीकडे दवंडी दिली. तिसऱ्या गावाच्या शिवारात शिरलो तेव्हा दुपार कलली होती आणि समोरून धुरळा उठत होता. कळप पाण्यावर चालला होता.

विहिरीच्या डोणीत तीन पोती बुडवलेली लांबूनच दिसली.

टांगा थांबण्याआधीच खतवाल्याने खाली उडी मारली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बिचारा हवालदार! पोट, मिशा, पगडी सगळे घेऊन तो मागोमाग ओढला गेला. "अरं थांब, अरं मेलो की!" असा त्याचा ओरडा आणि हा पुढे जिवाच्या आकांताने पळतोय. मी छडी घेऊन मेंढरांच्या आडवा झालो. तहानेली मेंढरे काय ऐकतात? पायांतून निसटू लागली. खतवाल्याने डोणीत खांद्यापर्यंत हात घातला, तळाच्या भोकात ठासलेला चिंध्यांचा बोळा चाचपला आणि उपसून काढला. पाणी भळाभळा चरात वाहून गेले. पहिल्या मेंढीने तोंड घातले तेव्हा डोणीत ओल्या पोत्यांखेरीज काही उरले नव्हते. तिचे तोंड त्याने दोन्ही हातांनी मागे लोटले आणि तसाच डोणीवर पालथा पडून राहिला.

तिथला धनगर काठी उगारून धावत आला. "येडा हाईस का रं? मोटेचं पानी वतून दिलंस?"

हवालदार धापा टाकत चिखलात बसला होता. तोच बोलला, तोही केवढ्या रुबाबात! "ए, काठी खाली घे! सरकारी माणूस हाय त्यो आमचा."

मला हसू आवरेना. नऊ दिवसांत मी हसलो नव्हतो. खतवालाही हसायला लागला आणि हसता हसता रडू लागला. मी जवळ जाऊन त्याच्या कमरेची दोरी स्वतःच्या हाताने सोडली. हुकूम दुसऱ्या दिवशी आला. कागदापेक्षा तो एक दिवस आधी सुटला असे कुणी म्हणेल, तर म्हणो.

मुंबईचा अहवाल सव्वा महिन्याने आला: सोमल नाही, नेहमीचे कोणतेही विष नाही, सोऱ्याचा अंश सापडला. मी तो फाइलला लावला. पुढच्या हंगामापासून खतवाला प्रत्येक पोत्यावर डांबराने मेंढीचे चित्र काढून त्यावर फुली मारायचा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावे. पोती तो परत मागून घ्यायचा आणि बदल्यात दाण्यासाठी कोरी द्यायचा. पंचनाम्याला गेलो की मीही ओसरीवरच्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारू लागलो. घरात काय कुठे गेले, काय कशात मिसळले, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या फौजदारांना मी हे सांगायचो तेव्हा ते कानाडोळा करायचे.

या धंद्यात माणूस वाईटाचा वास काढायला शिकतो आणि मग त्याला सगळीकडे तोच येतो. बजावून सांगणे मला धमकी वाटली, आणि खतासाठी ठेवलेला सोरा बंदुकीची दारू वाटला. एका म्हातारीने मेंढरांना मायेने मीठ घातले असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता आणि मी सुळी तयार ठेवली होती.

नातवंडे विचारतात, आजोबा, तुम्ही केलेले सर्वांत मोठे काम कोणते? मी सांगतो, एका डोणीतले पाणी सोडायला एका माणसाला वेळेवर नेऊन पोचवले ते. ती हसतात. त्यांना दरोड्याची गोष्ट हवी असते. त्या दिवशी 'लिही' म्हणालो असतो, तर तो माणूस तुरुंगात गेला असता, तिसऱ्या गावची मेंढरे पाण्यावर गेली असती, आणि मला मात्र बढती मिळाली असती.

ती मिळाली नाही, याचे मला आजही समाधान आहे.